झीज

चेन बदलली त्याच संध्याकाळी ती सटकली. डिलाईल रोडच्या पुलाच्या चढावर मी पेडलवर उभा राहून जोर दिला, मागून ‘कटाक’ असा आवाज आला आणि पाय रिकामाच खाली गेला. गुडघा हँडलवर आपटला. उतरून पाहिलं तर चेन जागेवरच. पुन्हा बसलो, चार फेऱ्या झाल्या, पुन्हा तेच. सपाट रस्त्यावर ती गुमान चालायची. चढ आला, जोर पडला, की दात सोडून द्यायची. शेवटी सायकल हातात धरून वरळीपर्यंत चालत आलो.

सायकल हिंद. बनली इथेच, वरळीत. हिंद सायकलचा कारखाना आमच्या चाळींपासून लांब नव्हता. १९८० साली संसदेने कायदा करून तो सरकारकडे घेतला. आबांनी ही सायकल १९८३ च्या पावसाळ्याआधी सेकंडहँड घेतली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. रिंग खात्यातली नोकरी परत मिळेल ही आशा आबांनी एव्हाना सोडली होती आणि सी-फेसच्या इमारतींत पेपर टाकायचं काम धरलं होतं. सव्वाशे रुपये, तेही तीन हप्त्यांत. विकणारे आबांच्याच खात्यातले, समोरच्या चाळीत राहणारे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. काकांच्या डाव्या भुवईतून एक व्रण जायचा, तिथे केस उगवत नसत.

आबा गेल्यावर सायकल माझ्याकडे आली. मी पालिकेच्या पाणी खात्यात फिटर होतो, त्यामुळे पाना हातात धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. गेल्या चाळीस वर्षांत तिचं काय काय बदललं ते मला तोंडपाठ आहे. दोन्ही रिमा. टायर किती वेळा, त्याचा हिशेब नाही. सीट तीनदा. हँडल एकदा, दोन्ही मडगार्ड, पेडलं, कॅरिअर, ब्रेकचे सगळे दांडे. हँडलखालचा पितळी बिल्ला झिजून कोरा झाला आहे. नात बारा वर्षांची आहे, तिने परवा विचारलं, “आजोबा, मग ही पणजोबांचीच सायकल कशी?”

हा प्रश्न मी लहानपणापासून विहारात ऐकत आलो आहे, रथाच्या रूपाने. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक मिनँडर, भिक्खू नागसेनांना नाव विचारतो. नागसेन म्हणतात, नागसेन हे नुसतं नाव आहे. आत कुणी ‘तो’ सापडणार नाही. राजा गोंधळतो. मग नागसेन त्याला विचारतात, तू रथातून आलास ना? मग दाखव रथ कुठे आहे. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. मग या सगळ्यांच्या बाहेर कुठे रथ आहे का? तेही नाही. भाग एका रीतीने जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो, एवढंच. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे या राजाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांचाही मान ठेवला, याचं मला फार वाटतं.

तर नातीला मी रथाची गोष्ट सांगितली. तिला पटली. मला मात्र त्या संध्याकाळपासून ती अपुरी वाटायला लागली, कारण माझ्या सायकलचे सगळे भाग जागेवर होते, रीतीने जुळलेले होते, आणि तरी ती चढत नव्हती.

रविवारी टॉवरच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलो. जुनी चेन डिझेलमध्ये बुडवून, ब्रशने घासून, पुसून जमिनीवर सरळ ताणली आणि शेजारी लाकडी फूटपट्टी ठेवली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतं. पहिली पिन शून्यावर धरली तर पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. माझी चोविसावी पिन फुटाच्या रेघेच्या पुढे गेली होती, एक सूत आणि वर थोडी. लोक म्हणतात चेन ताणली. पोलाद काही ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आपल्या भोकात फिरून फिरून केसभर झिजते आणि शंभरावर कड्यांची ती केसभर झीज बेरीज होऊन चेन लांब होते.

मग मागचं चाक काढलं. फ्रीव्हीलला बोट लावलं तर अठराच्या अठरा दात एका बाजूने खाल्लेले. नवा दात दोन्हीकडून सारखा असतो, मध्ये रोलर बसायला गोल खोबण. इथे खोबणी पसरट झालेल्या आणि दातांची टोकं एका अंगाला वाकल्यासारखी, लाटेच्या तुऱ्यासारखी. लांबलेली चेन दाताच्या मुळाशी बसत नाही, वर सरकून बसते. जोर वरच्या टोकाजवळ पडतो. दात तिथून झिजतो. चेनने दातांना आपल्या मापाचं केलं आणि दातांनी चेनला. दोघंही चुकीच्या मापाची, पण एकमेकांना बरोबर. म्हणून जुनी चेन कुरकुरत का होईना, चालत होती. नवी चेन अर्ध्या इंचाला अर्धा इंच, अचूक. ती त्या दातांत बसेना. हलक्या पायाने वरवर चालली, जोर पडला की उडी मारली. दोष चेनचा, असं धरून मी फक्त चेन बदलली, ही चूक माझीच.

नागसेनांच्या यादीत हे कुठे येतं? चेन आहे, फ्रीव्हील आहे, दोन्ही शाबूत. हरवलं ते त्या दोघांमधलं काहीतरी. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे सायकलचा आत्मा, असं म्हणायला मी तयार नाही. ते फूटपट्टीने मोजता येतं, बोटाला लागतं. ते धातूतच आहे, फक्त ज्याची झीज, त्याच्यात ते पुरतं सापडत नाही. चेनची चाळीस वर्षं अर्धी दातांवर लिहिलेली आहेत. चेन फेकून दिली तरी ती तिथे आहेतच.

यात मी एवढा का गुंतलो, ते सांगायला आजीकडे जावं लागेल. आजी गावाहून आली तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की घातलेली होती: आपण महारवाड्यात जन्मलो ते मागच्या जन्मीच्या पापामुळे. पाप कोणतं, ते कुणी सांगत नसे. केलं कुणी, तेही नाही. तिने ते निमूट मानलं होतं, जसं माणूस पावसाला मानतो. १९५६ च्या दीक्षेनंतर तिने देव्हारा उतरवला, पण ही गोष्ट तिच्यातून जायला पुढे कितीतरी वर्षं लागली. म्हणून बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात मांडलेला प्रश्न आमच्या घरात पंडितांचा प्रश्न कधीच नव्हता. आत्मा नाही असं बुद्ध म्हणतात, मग कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? ही मोठी विसंगती आहे, असं बाबासाहेब तिथे स्वच्छ लिहितात. पुस्तक १९५७ साली निघालं, ते गेल्यानंतर. दर वर्षावासात विहारात ते वाचलं जातं आणि त्या पानांशी आलं की मी आजीकडे बघायचो. पुढे ते कम्म-नियमाचा अर्थ लावतात: कर्माचा परिणाम जगाच्या नैतिक व्यवस्थेवर होतो, अमक्याच्या वाट्याला आलेलं सुखदुःख त्याच्या मागच्या जन्माच्या खात्यावर टाकता येत नाही. आजीवरचं ओझं त्या वाक्यांनी उतरलं.

माझ्यावरचं उतरलं नाही. मला त्या वाक्यांनी एक जबाबदारी दिली, आणि ती मी बावन्न वर्षं टाळली.

१९७४ च्या जानेवारीत मी दहा वर्षांचा होतो. ५ तारखेला दलित पँथरची सभा होती. तिथून वरळीत दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात डोक्यात दगड पडून पँथरचे भागवत जाधव गेले. ज्यांना त्या चाळी ठाऊक नाहीत त्यांना सांगतो: तळमजला अधिक तीन मजले, मधून अंधारा पॅसेज, मजल्याला वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी, एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. वरळीत अशा एकशे एकवीस चाळी. दोन चाळींमध्ये अंतर एवढं की समोरच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळावं. त्या अंतरावरून माणसं एकमेकांवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, ट्यूबलाइटच्या नळ्या टाकत होती. मोठी मुलं गच्चीवर होती. आम्हा लहानांचं काम दगड वर पोचवायचं. माझ्याकडे आमची पाण्याची लोखंडी बादली होती. चार मजल्यांचे जिने मी ती दोन्ही हातांनी धरून, पायरीपायरीवर टेकवत चढायचो.

एका सकाळी मी कठड्याच्या फटीतून खाली पाहिलं. काका दूध घेऊन येत होते, आरेची काचेची बाटली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि खाली बसले. बाटली त्यांनी सोडली नाही, छातीशी धरून ठेवली. सदरा खांद्यापर्यंत लाल झाला आणि दूध पांढरंच राहिलं. मी रिकामी बादली घेऊन खाली आलो आणि आईला म्हणालो, पोटात दुखतंय.

तो दगड माझ्या बादलीतला होता की दुसऱ्या कुणाच्या, हे कधी कळणार नाही. फेकणारा हात माझा नव्हता. माझं वय दहा. आणि आज त्या पोराचा देहसुद्धा उरलेला नाही, मनही नाही. अनात्म शिकलेल्या माणसाला ‘तो मी नव्हेच’ म्हणायला इतकी सोय दुसरी कुठली असेल? मी ती वापरली. पण मिलिंदाच्याच त्या ग्रंथात आंबे चोरणाऱ्याची गोष्ट आहे. चोर म्हणतो, मालकाने लावली ती कोय निराळी आणि मी तोडले ते आंबे निराळे, मग चोरी कसली? राजा स्वतःच म्हणतो की तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या कोयीमुळेच आले. अनात्मवाद सुटकेची वाट ठेवत नाही. मला इतकी वर्षं हे पाठ होतं, समजलं फ्रीव्हीलला बोट लावल्यावर. माझी झीज माझ्यात शोधून सापडणार नव्हती. ती काकांच्या भुवईत होती.

आणि त्यांची माझ्यात. तेच काका, संपात आबांबरोबर गेटवर बसले. आबांना काम मिळालं तेव्हा स्वतःची सायकल बाजारात दुप्पट दर मिळत असताना सव्वाशेला दिली. तिसरा हप्ता मागायलाही आले नाहीत, आबांनीच नेऊन दिला. त्या सायकलवर टाकलेल्या पेपरांतून माझी आयटीआयची फी निघाली. मी हे लिहितो आहे तो हात त्या चेनने बनवला आहे. याला कर्म म्हणायचं तर मला आत्म्याची गरज पडत नाही, मागच्या जन्माचीही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या पाचशे छप्पन्न घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीस मजल्यांचे टॉवर, पाचशे चौरस फूट, लॉटरीत जो नंबर लागेल तो. काकांच्या मुलाला माझ्याच मजल्यावर घर लागलं. आता पॅसेजमध्ये सायकल ठेवता येत नाही, दारं बंद असतात, समोरच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही. माणसं नवी नाहीत, घरं मात्र अचूक मापाची आहेत. आम्ही अजून त्यांत नीट बसलेलो नाही. लिफ्टमध्ये भेटलो तरी काय बोलावं ते सुचत नाही. नळावर ते आपोआप सुचायचं.

नवं फ्रीव्हील आणलं, पुढचं चेनव्हीलही, कारण त्याचेही दात गेले होते. कॉटर पिना ठोकायला पलीकडून हातोडी धरणारा माणूस लागतो. काकांच्या मुलाला हाक मारली. तो खाली आला, साठीचा माणूस, पँट वर खोचून जमिनीवर बसला. पिना बसल्या. चेन चढवली, लॉक लावलं, मी चाक मागे ओढून धरलं आणि तो नट आवळायला लागला.

मी म्हणालो, “चौऱ्याहत्तरला दगडाची बादली वर नेत होतो मी. काकांना लागलं त्या दिवशीसुद्धा.”

त्याचा पाना थांबला. त्याने पेडल हाताने एकदा फिरवलं, चेनकडे बघत राहिला. चाक फिरून थांबेपर्यंत काही बोलला नाही.

“बाबा सांगायचे, नळावर घसरून पडलो,” तो म्हणाला. “आईपण तेच सांगायची. आम्हाला शेवटपर्यंत तेच.”

मग त्याने चेन मधोमध अंगठ्याने दाबून पाहिली. अर्धा इंच हलायला हवी, ती जास्त हलत होती. “अजून थोडं मागे ओढ,” तो म्हणाला, “उजवीकडून.”