नादाचं माप

कोल्हापूरकडच्या माणसाला ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगावे लागत नाहीत. तंबोऱ्याचा असतो तो नाद, आणि कुस्तीचा, बैलांचा, कबुतरांचा लागतो तोही नादच. मला लागलेला नाद हेडफोनचा आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज, आणि रात्री घरात निजानीज झाली की कानावर हेडफोन. आकड्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, याचा मला दिवसा पगार मिळतो. रात्री मी ज्या गोष्टीसाठी जागतो तिला आकडा पुरत नाही, हेही मला ठाऊक आहे.

या नादातली माणसं साधारण दोन बाजूंना उभी असतात. एक बाजू म्हणते, ग्राफ दाखव, बाकी सगळे मनाचे खेळ. दुसरी म्हणते, ग्राफ काय गाणं ऐकतो का, कान सांगतो ते खरं. मी दोन्हीकडे मुक्काम करून आलो आहे. आणि या भांडणाबद्दल मला जे कळलं, त्यातलं पहिलं हेडफोनमुळे कळलेलंच नाही. ते कळलं आमच्या फौंड्रीवाल्यांमुळे.

मडकं घेताना आपण वाजवून घेतो. चांदीचा रुपया चालत होता तेव्हा तोही दगडावर वाजवून घेत. कोल्हापूरच्या फौंड्रीत कास्टिंगही असंच वाजवून घेतात. एसजी आयर्नचा, म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या बिडाचा, जॉब टांगून त्यावर हातोडीचा हलका ठोका दिला, की तो घंटेसारखा लांबवर वाजतो. साधं बीड तसं वाजत नाही, लगेच बसतं. मी नवा होतो तेव्हा एका फौंड्रीत तात्या म्हणून एक जुने कारागीर हे काम करायचे. ठोका द्यायचे, मान जरा कलती करायचे आणि जॉब बाजूला सरकवायचे. “बाळ, ह्यो नाद खोटा हाय,” एवढंच सांगायचे. का खोटा, ते त्यांना सांगता यायचं नाही.

नंतर तिथं अल्ट्रासॉनिकचं यंत्र आलं. लोखंडातल्या ग्रॅफाइटचे गोळे नीट बनलेले असले तर त्यातून ध्वनी सेकंदाला साधारण ५,६०० मीटर वेगानं जातो. गोळे बिघडले की वेग उतरतो. तात्यांच्या कानातली गोष्ट आता पडद्यावर चार आकड्यांत दिसू लागली. बहुतेक वेळा दोघांचं जमायचं. एकदा मात्र यंत्रानं पास केलेला जॉब तात्यांनी बाजूला ठेवला. कापून पाहिला तेव्हा दुसऱ्याच कोपऱ्यात तडा निघाला. यंत्राचा प्रोब जिथं लावला होता तिथलं त्यानं खरंच सांगितलं होतं. आणखी एकदा तात्यांनी नाकारलेला जॉब निर्दोष निघाला; आत कोअरची वाळू अडकून राहिली होती, म्हणून तो बद्द वाजला. त्या दिवसापासून कुठलाही आकडा किंवा कुणाचंही मत समोर आलं, की मी आधी विचारतो: हे नक्की कशाचं माप आहे?

आमच्या धंद्यात एक चाचणी असते, गेज आर अँड आर. दहा जॉब घ्यायचे, तीन माणसं घ्यायची, आणि प्रत्येकानं प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा. जॉबचा नंबर त्याच्यापासून लपवायचा, आधीचं रीडिंगही दाखवायचं नाही. एकाच माणसाची एकाच जॉबवरची रीडिंग जुळतात का, ते पाहायचं. म्हणजे जॉब मोजण्याआधी मोजणाऱ्याला मोजायचं. यात कुणाला अपमान वाटत नाही. तीस वर्षं काम केलेला माणूसही निमूट बसतो.

हेच मी माझ्या कानाला लावून पाहिलं. माझ्याकडे मोबाइलला जोडायचे दोन डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारे डबे, होते, एक आठशे रुपयांचा आणि एक बारा हजारांचा. महागाचा उघडच चांगला वाजत होता. आवाजात खोली होती, वाद्यं एकमेकांपासून सुटी ऐकू येत होती. मी हे चार जणांना सांगितलंही होतं. मग मल्टीमीटर लावून दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं. महागाचा मुळातच थोडा मोठा वाजत होता, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. मग मित्राला पाठीमागे बसवलं. तो न सांगता बदलणार, मी ओळखणार. वीसपैकी अकरा वेळा मी बरोबर आलो. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. त्या रात्री मला वाईट वाटलं ते पैशांचं नव्हे. जी खोली मी ऐकली होती ती खोटी नव्हती. ती मला खरोखर ऐकू आली होती. फक्त ती त्या डब्यातून आलेली नव्हती.

याहून मोठा धक्का पुढे बसला. गोंगाटात काम करणाऱ्यांची वरचेवर कानाची तपासणी होते. माझ्या ऑडिओग्रामवर चार हजार हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खड्डा निघाला. यंत्रांच्या आवाजानं कान जायला लागला की बहुतेकदा तिथूनच जातो. म्हणजे इतकी वर्षं मी जे हेडफोन ‘स्वच्छ, मोकळे’ म्हणून नावाजत होतो, ते नेमके तिथं चढे होते. माझी उणीव ते भरून काढत होते. तीच शिफारस मी चांगल्या कानाच्या पोरांना करत होतो, आणि त्यांना ते हेडफोन टोचत होते. गेजचं कॅलिब्रेशन चुकलं तर आम्ही त्याला लाल स्टिकर लावून कपाटात ठेवतो. कानाला स्टिकर लावता येत नाही. त्याचा खड्डा कुठं आहे हे लक्षात ठेवून बोलावं लागतं. तेव्हापासून शॉपमध्ये मी इअर प्लग काढत नाही, आणि नव्या पोरांनाही काढू देत नाही.

इथवर वाचून वाटेल की मी ग्राफवाल्यांत गेलो. पण ग्राफ कुठून येतो तेही पाहायला हवं. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळे स्वर ऐकवले आणि कुठला किती मोठा वाटतो ते विचारलं. आवाज कमी केला की खर्ज सगळ्यांत आधी हरवतो, हे त्या वक्ररेषांतून दिसलं. (एक चांगला हेडफोन मी ‘खर्जच नाही’ म्हणून विकून टाकला होता. घर निजलेलं असताना अगदी हळू ऐकत होतो, एवढाच त्याचा दोष.) त्या रेषा म्हणजे पदार्थविज्ञानाचा अढळ नियम नव्हे. बसवून, विचारून, नोंदवून घेतलेले कान आहेत ते. हेडफोन मोजायला पुतळ्याचं डोकं वापरतात. त्यातलं प्रसिद्ध ‘केमार’ १९७२ साली आलं, आणि ते बनवलं माणसांच्या मापांची सरासरी काढून. अलीकडे ज्या ‘हार्मन’ रेषेशी सगळे हेडफोन ताडून पाहतात, तीही शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांची पसंती विचारूनच काढली. बहुतेकांना ती रुचली. काहींना खर्ज जास्त हवा होता, काहींना कमी. म्हणजे ग्राफवाला जेव्हा ‘कानाचं काय ऐकता’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातातला कागदही कानांनीच लिहिलेला असतो. फक्त ते कान त्याच्या ओळखीचे नसतात.

पुतळ्याचा कान माझा नाही. कानाच्या नळीची लांबी, इअरफोन किती आत जातो, रबराची टोपी कशी बसते, यावर आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचा सगळा भाग हलतो. ग्राफवर एकसारखे दिसणारे दोन इअरफोन माझ्या कानात वेगळे वाजतात, आणि हा फरक मनाचा खेळ नाही.

सरासरी आणि एकटा कान यांचं भांडण आपल्या भागाला नवं नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर बसले, अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारात आले, तिकडे मिरजेला अब्दुल करीम खाँ राहिले. सुरावर रात्र-रात्र बोलणारी माणसं या मुलखात होती. त्याच काळात सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सूर मोजायला बसले. भरतानं सांगितलेल्या बावीस श्रुती नक्की कुठं आहेत, हा त्यांचा प्रश्न. अब्दुल करीम खाँ गायचे, देवल तारेची लांबी त्या सुराशी जुळवायचे आणि मोजायचे. १९१० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले, आणि त्या मापांवरून विलायतेत एक श्रुती हार्मोनियम तयार झाली.

मला देवलांबद्दल फार जिव्हाळा वाटतो. त्यांनी जे मोजलं त्यात मोठं सत्य होतं. तार तिच्या चार-पंचमांश लांबीवर दाबली की शुद्ध गंधार लागतो. सप्तकाचे बाराशे सेंट केले तर तो ३८६ वर बसतो. बाजारातल्या पेटीचा गंधार ४०० वर असतो, म्हणजे चौदा सेंट चढा. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो पहिला, पेटीचा नव्हे. गवयांना पेटीचा गंधार का खुपतो, हे देवलांच्या तारेनं मोजून दाखवलं. ही लहान गोष्ट नाही.

पण मग ते माप त्यांनी पट्टीत बसवलं. एका थोर गवयाचा त्या दिवशीचा सूर सगळ्यांचा कायदा ठरला. १९१६ साली बडोद्याला झालेल्या संगीत परिषदेत ही हार्मोनियम मांडली गेली, आणि तिथं तिला मान्यता मिळाली नाही; विरोध करणाऱ्यांत संगीतशास्त्री भातखंडे पुढे होते. मला वाटतं, चूक मोजण्यात नव्हती. पट्टी बोट उचलेपर्यंत एकाच जागी बोलते, आणि गवयाचा सूर तसा उभा राहत नाही. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी रागातले सूर मोजले, तेव्हा एकाच कलाकाराचा एकच सूर एकाच मैफिलीत जागा बदलताना दिसला. मोजमापानंच मोजमापाची चूक दाखवली. देवलांना हे आवडलं असतं असं मला वाटतं. ते हट्टी होते, पण तार पुन्हा लावून पाहणारे होते.

मिरज आमच्यापासून फार लांब नाही. तिथं तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर जवारी काढत बसलेला असतो. कानस जरा फिरवायची, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा जीव सरकवला की नाद उघडतो. याच घोडीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं. तार जिथं छेडली, तिथल्या नियमानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यातून ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. मिरजेच्या कानसेला त्या लेखामुळे काही कमी-जास्त झालं नाही, आणि रामन यांनाही कारागिराचं काम स्वतः करायचं नव्हतं. एकाला हा नाद हवा होता. दुसऱ्याला तो का येतो ते. नवा हेडफोन आला की मी पहिल्यांदा तंबोरा ऐकतो तो या उपस्वरांसाठीच. तीन ते सहा हजारांच्या मध्ये कुठं चढ असेल तर जवारी लगेच कर्कश होते. माझ्या खड्ड्यामुळे मला ती होत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतून मुलीला बोलावतो.

आताशा माझा क्रम असा आहे: ग्राफ न पाहता आठवडाभर ऐकायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, मग ग्राफ उघडायचा, मग पुन्हा ऐकायचं. ग्राफ एकदा पाहिला की कान त्याच्या मागे जातो, म्हणून तो आधी नको. आणि तो अजिबात पाहिला नाही तर माझा खड्डा मला कधीच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एका जुन्या रेकॉर्डमधला छोटा तुकडा मी प्राट नावाच्या संगणक प्रोग्रामात टाकला. अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेला तो प्रोग्राम सुराची रेघ काढून दाखवतो. ज्या गळ्यावर देवलांनी तार जुळवली, तोच गळा. तबकडीची खरखर, वरचे सगळे उपस्वर गेलेले. हेडफोनच्या कसोटीला हा आवाज कुणी लावणार नाही. गंधार कुठं बसतो ते पाहायचं होतं. रेघ त्या जागी येण्याआधी किंचित खाली उतरली होती, अगदी निमिषभर, आणि मग वर जाऊन टेकली. हे मी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं: श्वास सोडताना दार हलतं तसं काही. मी मुलीला हाक मारली आणि काही न सांगता हेडफोन तिच्या कानावर ठेवला. तिचा हात आपोआप खाली गेला आणि वर आला.