अन्नदाता आणि सत्य

गेल्या माघात आमचे एक बालमित्र साताऱ्याहून ग्वाल्हेर पाहावयास आले. सातारा आमचे आजोळ, तेथील ओळख. त्यांच्यापाशी एकच दिवस होता. सकाळची पूजा आटोपून, नैवेद्याचे काम वडिलांवर सोपवून आम्ही दोघे लष्करातून बाहेर पडलो.

प्रथम किल्ला पाहिला. राजा मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल, सास-बहू मंदिर, आणि ज्यावरील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्याचे चिन्ह कोरले आहे ते चतुर्भुज मंदिर, हे सारे दाखविले. दुपारी फूलबागेत उतरलो. महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात येथे गोपाळ मंदिर, मोती मशीद व गुरुद्वारा एकाच परिसरात वसविण्यात आले, हे आम्ही अभिमानाने सांगितले. मग राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी गेलो. जून १८५८ मध्ये कोटा की सराईजवळ इंग्रजांशी लढताना राणीसाहेब घायाळ झाल्या आणि त्यांच्या देहाला येथे अग्नी दिला गेला, ही कथा आम्ही सांगितली. मित्रांचे डोळे पाणावले.

तेथून जयविलास महाल जवळच. १८७४ साली महाराज जयाजीरावांनी तो बांधविला. दरबार दिवाणखान्यातील प्रचंड झुंबरांकडे पाहत असता मित्रांनी सहज विचारले, “अरे, राणीसाहेब पडल्या तेव्हा हे जयाजीराव कोठे होते?”

आम्ही “पुढे पाहू” म्हणून विषय टाळला.

उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. १ जून १८५८ रोजी राणीसाहेब, रावसाहेब पेशवे व तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले. जयाजीरावांचे बहुतेक सैन्य त्यांना जाऊन मिळाले आणि महाराज आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास गेले. इंग्रजांनीच त्यांना पुन्हा गादीवर बसविले. हे कोणत्याही इतिहासात आहे. तरी आमची जीभ रेटेना. कारण संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत आमच्या पणजोबांना दरबारातून वर्षासन मिळत असे. त्या अन्नावर आमचे घराणे पोसले. वाचकांपैकी अनेकांच्या घरीही हीच कथा असेल. तेव्हा प्रश्न असा की, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी मौन पाळणे ही कृतज्ञता, की असत्य?

महाभारतात याची दोन उत्तरे शेजारी शेजारी बसली आहेत. कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत, असे भीष्मांनी युद्धारंभी युधिष्ठिरास सांगितले. आणि द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न केला तेव्हाही त्यांनी धर्माच्या सूक्ष्मतेचा आश्रय घेतला. विदुर त्याच घरचे अन्न खात होता. परंतु तो धृतराष्ट्राला तोंडावर सत्य सांगत राहिला, आणि धृतराष्ट्राचे हित त्याच्याइतके कोणीच चिंतिले नाही. अन्न एकच, एकाने त्याने जीभ बांधून घेतली, दुसऱ्याने त्याच अन्नाचे ऋण सत्य बोलून फेडले.

येथे दुसरी सावधगिरीही हवी. सत्य सांगणे म्हणजे शिक्षा ठोठावणे नव्हे. जयाजीराव तेव्हा पंचविशीच्या आतले होते, म्हणजे आमच्याच वयाचे. स्वतःची फौज डोळ्यांदेखत फिरली असता आम्ही काय केले असते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय त्यांच्याच दरबारी हद्दूखाँसारखे गवई नांदले. ज्या ग्वाल्हेर गायकीचे धडे येथे गिरवून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, तिला या घराण्याचा आश्रय होता. हेही सत्यच. अर्धे सांगणारा भाट होतो किंवा निंदक. पूर्ण सांगणाराच साक्षी होतो.

रात्री हे सारे वडिलांपुढे मांडले. ते गंध उगाळीत होते. क्षणभर थांबून म्हणाले, “संकल्पात आपण यजमानाचे नाव घेतो, त्याचे कल्याण मागतो. त्याचे दोष झाकण्याचा संकल्प आपण कधी करीत नाही.”

पहाटे मित्रांना गाडीवर पोहोचविण्यास गेलो. फलाटावर त्यांना कालच्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते काल का दिले नाही, हेही सांगितले. दुसरे सांगणे अधिक कठीण गेले. ते म्हणाले, “मला ते वाचून ठाऊक होते. तू सांगतोस की नाही, एवढेच पाहत होतो.”

आम्ही खजील झालो. मौनाने महाराजांचे नाव राखले गेले नव्हते. मित्राच्या मनातील आमचा विश्वास मात्र एक रात्र डळमळीत झाला होता.

आपल्याकडे पाहुणे येतात, मुलांना घेऊन आपण फूलबागेत जातो. समाधीपाशी हात जोडावेत, गोपाळकृष्णापुढेही जोडावेत, आणि मुलाने विचारले तर त्याला पूर्ण सांगावे. ज्या अन्नाने आपण वाढलो, त्याचा मान याहून निराळ्या रीतीने राखला जातो, असे आम्हांस आता वाटत नाही.