राखणीची मरळ

सांगोल्याकडच्या एका तरुणाची डाळिंबाची बाग खोडकिडीनं वाळून गेली, तेव्हा तो मालवणला एका होडीवर कामाला लागला. दुष्काळी मुलखातल्या पोराला समुद्र नवा होता, पण हात हुशार होता. सुरमई धरायचं काम तो तिथं मनापासून शिकला. जिवंत बांगडा गळाला लावायचा आणि होडी अगदी सावकाश चालवायची, म्हणजे बांगडा पोहता राहतो. एक गळ तोंडाशी, दुसरा शेपटीकडं, कारण सुरमई बऱ्याचदा मागून येऊन आधी शेपटीचा भागच तोडते. गळाच्या वर तार हवी, नाहीतर तिचे दात दोरी कापून जातात. सुरमई भुकेपोटी धावते आणि त्या भुकेवरच हा सगळा डाव चालतो, हे त्याला पक्कं कळलं.

1 जून ते 31 जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तो गावी आला आणि मामाकडं गेला. मामांची हयात बुद्धेहाळच्या तलावावर गेलेली. रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्यानं भाच्याला मोठी मरळ आणायला सांगितलं होतं आणि पैसेही चांगले कबूल केले होते.

दोघं होडीत बसले. भाच्यानं जिवंत बेडकी गळाला लावली, पाठीच्या नुसत्या कातड्यातून, म्हणजे ती पाण्यावर पाय मारत राहते. इतक्यात गवताच्या कडेला पाणी तांबूस दिसलं. मरळीची इवली पिल्लं एकाच ठिकाणी वळवळत होती, हवा घ्यायला वर येत होती. त्यांच्या खाली दोन काळ्या पाठी संथ फिरत होत्या.

"मामा, होडी तिकडं घ्या. तिथं शंभर टक्के लागंल."

"लागंल. म्हणूनच न्हाई घ्यायची."

"आवं, मासळी ती मासळी. सुरमई आन् मरळीत काय फरक?"

"सुरमई समुद्रात अंडी सोडती आन् निघून जाती. ही पिल्लांपासनं हलत न्हाई. म्हैनाभर राखण करती. बेडकी आली की झडप घालती, ती प्वॉट भरायला न्हवं."

भाचा गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. मामांनी होडी खोल पाण्याकडं वळवली आणि बोलत राहिले.

1972 च्या दुष्काळात ते लहान होते. माण नदीच्या पात्रातला गावाजवळचा डोह पार आटला. मरळ चिखलातही तग धरते, हे सगळ्यांना ठाऊक; म्हणून लोकांनी चिखल उकरून होती तेवढी मरळ काढली. कुणाला दोष द्यावा? घरात दाणा नव्हता, बायामाणसं खडी फोडायला जात होती. पण मामांच्या आज्यानं दोन मरळी घागरीतून आणून विहिरीत सोडल्या. घरच्यांनी बोल लावला. म्हातारा एवढंच म्हणाला, उपाशी मरायची पाळी आली तरी कुणबी बियाणं दळत नाही. पुढच्या पावसाळ्यात डोह भरला, तेव्हा त्यानं ती जोडी स्वतःच्या हातानं परत सोडली.

त्या दिवशी खोल पाण्यात काहीच लागलं नाही. ढाबेवाल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भाचा एकटाच होडी घेऊन गेला आणि बेडकी थेट त्या तांबूस पुंजक्याच्या कडेला टाकली.

पाणी भसकन उसळलं, दोरी ताणली. मरळ आमिष तोंडात आडवं धरते आणि मग फिरवून गिळते, म्हणून तो हिसका न देता थांबला. मात्र दोरी लगेच ढिली पडली. ओढून पाहतो तर बेडकी फाटलेली, गळाला तशीच लटकत होती. मरळीनं तिला मारून सोडून दिलं होतं. घटकाभरात पांगलेली पिल्लं पुन्हा जमली आणि ती काळी पाठ पुन्हा त्यांच्याखाली येऊन थांबली.

बेडक्या होडीत आणखी होत्या, वेळही होता. पुन्हा टाकली असती, तर कधी ना कधी गळ तिच्या जबड्यात रुतलाच असता. त्यानं दोरी गुंडाळली, उरलेल्या बेडक्या काठाच्या गवतात सोडल्या आणि ढाबेवाल्याला कळवलं, आता पोळ्यानंतरच बघू.

पाखरं आणि दुसरे मासे मरळीच्या पिल्लांवर टपलेलेच असतात. राखण करणारी जोडी उचलली, की तो अख्खा पुंजका त्यांच्या तोंडी जातो. समुद्रावर बंदी मोडली तर दंड होतो. गावच्या तळ्यावर आषाढातल्या पहाटे गळ टाकणाऱ्याला अडवायला बहुधा कुणीच नसतं. म्हणून माण, भीमेच्या काठी, उजनीत किंवा आपल्या गावच्या पाझर तलावात गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लं दिसली, तर होडी दुसरीकडं वळवा, आणि शेजारच्या होडीतल्यालाही सांगा.