आचार्य आणि कुलगुरू

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की चांदबिबीचा पराक्रम आठवतो आणि पंडित नेहरूंनी बंदिवासात लिहिलेला ग्रंथ आठवतो. परंतु ऑगस्ट १९४२ मध्ये जे १२ नेते या तटाआड स्थानबद्ध झाले, त्यांत दम्याने जर्जर झालेले आणि पालि-संस्कृत विद्येत मुरलेले एक अध्यापक होते, त्या आचार्य नरेंद्र देव यांचे स्मरण आपल्या जिल्ह्याला फारसे उरलेले नाही, ही गोष्ट मनाला सलते. नेहरूंनी मात्र आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ज्या चार सहबंदींचे ऋण मानले, त्यांत त्यांचे नाव आवर्जून घातले आहे.

नरेंद्र देव १९२६ मध्ये काशी विद्यापीठाचे आचार्य झाले आणि ते पदच त्यांच्या नावाला कायमचे जडले. नगरच्या बंदिवासात त्यांनी बौद्ध पंडित वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ पूसँ या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणण्याचे काम चालविले होते. या ग्रंथाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. वसुबंधू कारिकांमध्ये वैभाषिक पंथाच्या बौद्धांचा सिद्धान्त त्यांच्याच परिभाषेत, तसूभरही उणा न करता मांडतो, आणि मगच भाष्यात सौत्रान्तिक या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या दृष्टीने त्यावर आक्षेप घेतो. मार्क्सवादी समाजवादाचा पुरस्कर्ता असलेला एक राजबंदी ज्या चिकाटीने या ग्रंथाच्या मागे लागला, तीत केवळ पांडित्याची हौस नव्हती; प्रतिपक्षाला त्याचे संपूर्ण म्हणणे मांडू देण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणलेली होती.

पुढे १९४७ मध्ये ते लखनौ विद्यापीठाचे आणि १९५१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कारभाराच्या दफ्तरात शिरलेला विद्वान विद्येला मुकतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही; कारण त्यांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा प्रमुख ग्रंथ १९५६ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नेमणुका, तक्रारी, विद्यार्थ्यांचे अर्ज आणि सरकारी हुकूम यांच्या गर्दीत निवाडा करणाऱ्याला पूर्वपक्ष प्रामाणिकपणे ऐकण्याची सवय नसेल, तर त्याचा कारभार मनमानीकडे झुकतो. ती सवय दफ्तरी शिरस्त्याने लागत नाही. ती ग्रंथांच्या सहवासातच लागते.

या वृत्तीची कसोटी १९४८ मध्ये लागली. समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली, तेव्हा काँग्रेसच्या उमेदवारीवर मिळालेली विधानसभेची जागा आपल्याकडे ठेवणे नरेंद्र देव यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. कायद्याने कोणी मागितला नसतानाही त्यांनी सहकाऱ्यांसह राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत पराभव पत्करला. पदाचा असा निर्लोभी विचार करणाऱ्याच्या हाती विद्यापीठ सोपविण्यात धोका नसतो.

आज आपल्या महाविद्यालयांत प्राचार्य निवडताना वर्षांची गणती होते, अनुदानाच्या मामल्यातील वाकबगारी पाहिली जाते. उमेदवाराने अलीकडे कोणता ग्रंथ मन लावून वाचला, हे क्वचितच विचारले जाते. नगर, संगमनेर आणि श्रीरामपूर येथील संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच की, पुढील मुलाखतीत हा एक प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा आणि त्याच्या उत्तराला पदवीइतकेच वजन द्यावे.