चाकातील बेअरिंग व गच्चीचा कठडा

घरच्या घरी केलेले काम हे केवळ आपले खाजगी काम असते काय? आपल्या मंडळ्यांतील अनेक बंधू आपल्या मोटारीची लहानमोठी दुरुस्ती स्वतःच करतात. झिजलेले चाकाचे बेअरिंग बदलणे हे त्यांतलेच एक काम. त्याच्याच आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

चाक फिरते ठेवून मोटारीचा भार पेलण्याचे काम बेअरिंग करते. वळणावर त्याला आडवा रेटाही सोसावा लागतो. हा दुहेरी भार पेलणाऱ्या निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट अमेरिकेतील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली घेतले. बेअरिंग झिजले की घरघर सुरू होते, वेगाबरोबर ती वाढते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर चाक डगमगू लागते व शेवटी निखळूही शकते.

जुन्या धर्तीच्या मोटारीत हे बेअरिंग घरी बदलता येते. परंतु काम करणाऱ्यापुढे पावलोपावली मोह उभा राहतो. जॅकवर उचललेल्या गाडीला पक्क्या घोडीचा आधार द्यावयास हवा. पण ‘दोन मिनिटांचे तर काम’ असे मन म्हणते. नव्या रुळांसोबत हबमधील बाहेरचा कपही नवा बसवावयाचा असतो. पण तो ठोकून काढण्याचा कंटाळा येतो. कॉटर पिन नवी घालावी. पण जुनीच सरळ करून चालवावीशी वाटते. नट फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल राहिला तर चाक हलते; म्हणून चाक फिरवीत तो नीट बसवावा लागतो. त्याला धीर हवा.

वरची टोपी बसली व चाक चढले की चोख काम आणि चुकार काम दोन्ही सारखीच दिसतात. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक निदान जाब तरी विचारते. घरी मात्र करणारा तोच व तपासणाराही तोच!

कोणी म्हणेल, “गाडी माझी, हात माझे, धोकाही माझाच.” परंतु मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २२:८) नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. घर त्याचे, गच्चीही त्याची. तरी तेथून कोणी पडला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. मालकी आपली असली, तरी तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्याचा जीव आपल्या हवाली असतो, हे त्या आज्ञेचे मर्म आहे. रविवारी उपासनेस येताना आपल्याच गाडीत शेजारच्या आजी बसतात, शब्बाथशाळेची मुले बसतात. रस्त्यावरचा पादचारी तर आपणांस ओळखतही नाही. या सर्वांसाठी ती कॉटर पिन म्हणजे आपला कठडा आहे.

मग घरी असे काम करूच नये काय? तसे नव्हे. आपला प्रभू सुतार होता. तो नांगर व जोखडे बनवीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर यांनी नमूद केले आहे. जोखड नीट तासलेले नसेल, तर सोलवटते ती मुक्या बैलाची मान. हाताच्या कामाला मान आहेच, आणि चार पैसे वाचवणे हाही चांगला कारभार आहे.

मात्र आपली मर्यादा ओळखणे हाही प्रामाणिकपणाच होय. अनेक नव्या गाड्यांत बेअरिंग प्रेसने दाबून बसवतात. ते हातोडीने ठोकले, तर रुळांचा मार्ग आतून दुखावतो आणि वरून मात्र सारे नवे दिसते. अशा वेळी प्रेस असलेल्या मिस्त्रीकडे जाण्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या जिवापेक्षा आपल्या हुशारीचा अभिमान मोठा ठरावा काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा: या आठवड्यात कोणी पाहत नसताना तुम्ही कोणते काम नीट केले? तोच प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःस विचारू या. टोपीआडचे काम माणसांना दिसत नाही. देवाला दिसते, आणि त्यावर कोणाचा तरी जीव विसंबून असतो.