मखमल न उतरलेली शिंगे

हरणाच्या नराचे शिंग हे पौरुषाचे चिन्ह होय, असे कवी, चित्रकार व शिकारी या तिघांनी मिळून ठरवून टाकले आहे. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतून सांबराची मुंडकी भिंतीला ठोकलेली असत, तीही ह्याच समजुतीची साक्ष देणारी. पण ज्याला आपण पौरुषाचे चिन्ह म्हणतो ते वर्षातील कित्येक महिने शस्त्र नसतेच. ते कोवळे, उष्ण आणि दुखणारे असे एक जिवंत अंग असते, आणि त्यावर मखमालीसारखी बारीक लव असते. काही नरांच्या शिंगांवरची ही लव कधीच उतरत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा खरा. पण त्याचे उत्तर ऐकताना आपल्या मनात जे विचार उठतात ते प्राणिशास्त्राचे नसतात. आम्हांस त्या विचारांविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

आधी एक खुलासा. काळविटाचे शिंग जन्मभराचे असते. गुरांच्या शिंगाप्रमाणे त्यावर कवच असते, ते झडत नाही व त्यास लवही येत नाही. आम्ही बोलतो आहोत ते चितळ, सांबर, भेकर ह्या कुळाविषयी. ह्यांचे शिंग निव्वळ हाडाचे. ते गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. उगवताना त्यावर कातडी असते, कातडीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि वाढीचा वेग असा की सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या झपाट्याने वाढणारी वस्तू क्वचितच सापडेल. थंड प्रदेशांतील मोठ्या हरणांत ही वाढ दिवसाला दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. पुढे नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन ह्या द्रव्याचे प्रमाण चढू लागले की हाड कठीण होते, कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, ती वाळते, आणि प्राणी झाडाच्या खोडावर शिंगे घासून तिच्या चिंध्या काढून टाकतो. मग जे उरते ते लढाईचे शिंग. तेच द्रव्य ओसरले की ते शिंगही गळते. म्हणजे ज्या शिंगाने नर लढतो ते मेलेले हाड असते. जिवंत असते ते लवेखालचे. हा विरोधाभास वाचकांनी ध्यानात ठेवावा.

सांबरांचा हा क्रम ऋतूला बराच धरून चालतो. चितळांचे तसे नाही. त्यांच्या कळपात एकाची शिंगे चकचकीत झालेली असताना शेजारच्या नराची लवेने झाकलेली दिसतात, आणि असे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळे पाहणाऱ्यास हे सहज पटेल. तेव्हा काही नर लव का राखतात, ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर अगदी साधे आहे: त्यांची वेळ अजून आलेली नाही. आपापल्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्यांस मागे पडलेले म्हणण्याची घाई पाहणाऱ्याची असते.

परंतु ज्यांची वेळ कधीच येत नाही असेही नर असतात. खच्ची केलेल्या हरणाची शिंगे पुढे झडत नाहीत, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने नमूद करून ठेवले आहे. आजच्या ज्ञानाने त्याचा अर्थ असा लागतो: वृषणे नष्ट झाली, रोगाने आटली, किंवा जन्मतःच खाली उतरली नाहीत, तर ते द्रव्य रक्तात पुरेसे चढत नाही. मग हाड पुरते कठीण होत नाही, लव वाळत नाही, आणि शिंग लवेसह कायम राहते. अलास्कातील कोडियाक बेटाच्या एका भागात तपासलेल्या नरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नरांची दोन्ही वृषणे उतरलेली नव्हती, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पुष्कळांची शिंगेही वेडीवाकडी होती. बेटावरील हरणे बाहेरून आणून सोडलेल्या थोड्या हरणांची प्रजा. तेव्हा दोष रक्ताच्या नात्यातून आला, की माती-पाण्यातील एखाद्या द्रव्याने गर्भातच घात केला, असे दोन्ही संशय शास्त्रज्ञांनी मांडले.

इतके कळल्यावर आपली जीभ काय म्हणते? ‘अपुरा नर.’ आणि तिला थोडी मोकळीक दिली तर आणखी पुष्कळ म्हणते. आपल्या भाषेत ह्या अर्थाचे शब्द थोडे नाहीत, आणि त्यांतला एकही शिवीवाचून राहिलेला नाही. ज्याला मूल होत नाही तो, ज्याचा आवाज फुटत नाही तो, ज्याला भांडता येत नाही तो, ह्या तिघांची कारणे सर्वस्वी वेगळी. पण आपण तिघांसही एकाच शब्दाने हाणतो. शरीरातील एका द्रव्याच्या कमी-अधिकपणावरून माणसाची योग्यता मोजण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती रीत आहे हेच आपण विसरतो.

ह्यावर एक सुलभ तोड पुष्कळांस सुचते. लवेचा नर अपुरा नव्हे, उलट तोच थोर. त्याने शस्त्र टाकले, तो रानातला साधू झाला, असे म्हणावयाचे. आम्हांस ही तोड मान्य नाही. लवेच्या दिवसांत नर शिंगे जपतात हे खरे, पण भांडण थांबवीत नाहीत. मागल्या पायांवर उभे राहून पुढल्या खुरांनी एकमेकांस बदडतात. शस्त्र नाजूक झाले म्हणून स्वभाव मऊ होतोच असे नाही. शिवाय जो मारूच शकत नाही त्याच्या न मारण्यास अहिंसा म्हणता येत नाही. भ्याडपणा आणि हिंसा ह्यांतून एकच निवडावयाची झाली तर हिंसा बरी, असे गांधीजींनी 1920 साली लिहिले, ते ह्याच भेदावर बोट ठेवून. हरणाने काहीच निवडलेले नाही. त्याला दूषण देणे जितके चूक तितकेच त्याचे स्तोत्र गाणेही.

उरण तालुक्यातच घारापुरीचे बेट आहे. तेथील मोठ्या लेण्यात सदाशिवाच्या भव्य मूर्तीच्या पूर्वेस अर्धनारीश्वर कोरलेला आहे. उजवे अंग पुरुषाचे, डावे स्त्रीचे. एक हात नंदीवर टेकलेला, आणि कमरेचा बाक असा की दोन्ही अर्धी एकाच श्वासाने उभी आहेत असे वाटावे. ही मूर्ती पाहून कोणी ‘अपुरा’ म्हणत नाही. 2024 च्या जानेवारीत लोकलगाडी उरणपर्यंत आली. तिच्यातून घरी परतणारा मनुष्य डब्यात टाळी वाजली की मात्र खिडकीबाहेर पाहू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निर्णयाने तृतीयपंथीयांस स्वतंत्र ओळख दिली. पण न्यायालयाचा निर्णय डब्यातली नजर बदलू शकत नाही.

येथे चतुर वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, अर्धनारीश्वरात दोन्ही आहेत, आणि तुमच्या हरणात एकही धड नाही. पूर्णतेचा दाखला उणेपणास कसा लावता? आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. हरणाच्या बाजूने बोलण्यास ती मूर्ती आमच्या उपयोगाची नाही. किंबहुना उणेपण हे उणेपणच नव्हे असे सिद्ध करण्याची आवश्यकता वाटावी, हीच आमच्या मते मूळ चूक. कोडियाकच्या हरणांत खरोखरच काही बिघडले आहे. ते ‘निसर्गाचे वैचित्र्य’ म्हणून गोंजारीत बसलो, तर माती-पाण्यात काय मिसळले हे विचारण्याचेच राहून जाईल. आणि खाडी, बंदर व तेलाच्या टाक्या ह्यांच्या शेजारी राहणाऱ्या उरणकरांस तरी हा प्रश्न परका वाटू नये. बिघाडास बिघाड म्हणणे हे वैद्याचे काम, आणि ते त्याने निःशंकपणे करावे. पण बिघाडापासून तुच्छतेकडे जाणारी वाट वैद्य दाखवीत नाही. ती आपण आपल्या पायांनी पाडलेली असते. पाय मोडलेल्या मनुष्यास आपण अपुरा मनुष्य म्हणत नाही. ह्या एकाच अवयवाच्या बाबतीत शरीराची उणीव ही माणसाची उणीव कशी होते, ह्याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही. वंश चालविण्याची चिंता हे कारण सांगितले जाते. पण ज्या समाजाने आजन्म ब्रह्मचाऱ्यांस डोक्यावर घेतले त्याच्या तोंडी ते कारण शोभत नाही.

तो ब्रह्मचारी निवडून तसा झाला आणि हा न निवडता, एवढाच काय तो फरक. निवडलेल्यास मान द्यावा, हे योग्यच. न निवडलेल्यास मान देता येत नसेल तर न द्यावा. पण अपमान देण्यासही त्याने काही केलेले असावे लागते.

थंड मुलखात अशा नरांच्या शिंगांची टोके हिवाळ्यात गोठून गळतात व पुढल्या वसंतात पुन्हा फुटतात, त्यामुळे ती शिंगे वर्षानुवर्षे बेढब होत जातात आणि लोकांच्या डोळ्यांत भरतात. आपल्याकडे हिवाळा तेवढा कडक नाही. एखादा चितळ असा असलाच तर त्याची लव तशीच राहील, आणि चितळांचा काळ ठरलेला नसल्यामुळे वाटेने जाणारा मनुष्य त्यास पाहून, ह्याला आत्ताच नवी शिंगे फुटली आहेत असे समजून पुढे जाईल.