पडद्याखालची ओळ

जबलपूरच्या आमच्या घरात मराठी चित्रपट लागला की तीन तऱ्हांचे प्रेक्षक जमतात. मी ऐकतो. इथेच वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली नात अर्धे कानांनी आणि अर्धे खालच्या इंग्रजी ओळींनी समजून घेते. ताईला अलीकडे ऐकू येईनासे झाले आहे. ती केवळ वाचते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पाहून झाल्यावर ताई सहज म्हणाली, “घरातले काय, गावातले काय, सगळे सारखेच बोलतात की!”

मी चपापलो. जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते, गावात मराठी. चित्रपटाचे नावच कैकाडी आहे. त्याचा अर्थ डुक्कर. गाव त्या मुलाला याच शब्दाने हिणवते, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीतला शब्द उचलून त्याच्यावर फेकते. मला कैकाडी येत नाही, तरी भाषा बदलल्याचे कळले. नातीलाही कळले असावे. पुण्याचे पाहुणे आले की हिंदीमिश्रित मराठीच्या संकोचाने ती गप्प होते. (जब्याच्या लाजेमागे जात उभी आहे, आमच्यामागे नाही; तुलना एवढ्यावरच थांबावी.) ताईला मात्र हे कोणी सांगितलेच नाही. दोन्ही भाषा एकाच इंग्रजीत उतरल्या होत्या.

अनुवादकाने खोटे काय लिहिले? काहीच नाही. मग ताईची फसवणूक झाली की नाही?

पटकथा हा संकल्प असतो. तेंडुलकरांनी ‘सामना’ लिहिला. पण निळू फुले एखादा शब्द जिभेवर घोळवून किती वेळाने सोडतील, हे कागदावर कसे उतरणार? नटाच्या तोंडी वाक्य बदलले, गळले, तरी त्याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणत नाही, कारण संहिता घटनेच्या आधीची असते. उपशीर्षक घटनेनंतर येते आणि ‘हे असे बोलले गेले’ म्हणून सांगते. ती साक्ष आहे. तिला जागाही बेताचीच मिळते: दोन ओळी, प्रत्येकीत चाळीसेक अक्षरे, आणि काही क्षण. डोळा कानाइतका वेगवान नसल्यामुळे काटछाट अटळच. प्रश्न उरतो तो काय गाळावे याचा, आणि तो मला कारागिरीपेक्षा नीतीचा वाटतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) न्यायाधीश साक्षीदाराचे म्हणणे ऐकतात आणि त्याचा गोषवारा लघुलेखकाला सांगतात. बोललेले वेगळे, टंकलिखित वेगळे. १९५६ पासून उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ असलेल्या आमच्या गावात या व्यवहाराचे कोणाला नवल वाटणार नाही. पण कायद्याने येथे एक सावधगिरी बाळगली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ प्रमाणे नोंदवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागे, त्याला न कळणाऱ्या भाषेत ती असेल तर समजावून सांगावी लागे, आणि आवश्यक तेथे दुरुस्ती होई. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. ज्याचे शब्द, त्याला ते तपासण्याचा हक्क.

पडद्याखालची ओळ जब्याला कोण वाचून दाखवणार? आणि दुसऱ्या टोकाला ताई. ऐकणारा प्रेक्षक ओळीतली तफावत पकडू शकतो. ताईला मूळ गाठण्याचा मार्गच नाही. जिथे पडताळा अशक्य, तिथे लिहिणाऱ्यावरचे ऋण सर्वांत जड असते. चित्रपटगृहांत श्रवणबाधितांसाठी सोयी असाव्यात म्हणून केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे चांगलेच झाले. पण ओळ उमटली म्हणजे ऋण फिटले असे नव्हे.

प्रत्येक ओळीआधी ‘कैकाडीत’ असे लिहावे काय? माझे मन येथे अडखळते. मुलगा जे लपवू पाहतो त्यावर बोट ठेवणे म्हणजे गावाचेच काम करणे नव्हे काय? तरीही दिग्दर्शकाने ती बोली कानांपासून लपवलेली नाही. मग ती ताईपासूनच लपवण्याचा अधिकार अनुवादकाला कोठून आला? सांगावे, याच बाजूला माझा कौल आहे, थोड्या अस्वस्थतेसह.

मी वहीच्या कागदावर ताईला लिहून दिले: ‘घरी कैकाडी, बाहेर मराठी.’ तिने कागद दोनदा वाचला आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. नात कुरकुरली, पण तिनेच तो लावला.